मशीनच्या मते खोली रिकामी

हीटरची नवी यंत्रणा बसवायला आलेला तो शिडी घेऊन आत आला, तेव्हा मी खुर्चीत बसून दोन्ही हात जोरजोरात हलवत होते.

"कुणाला बोलावताय?" त्याने ओठांवरचं हसू कसंबसं दाबत विचारलं.

"तुमच्या मशीनला! मी इथे आहे, हे सांगतेय त्याला."

ग्रंथालयात मी जुने, फाटलेले नकाशे जोडते. पातळ कागद, खळ, ब्रश... आणि श्वाससुद्धा जपून. मी अशी दगडासारखी बसले, की छतावरच्या सेन्सरला वाटायचं खोलीत कुणीच नाही. मग हीटर आधी अर्ध्यावर यायचा, नंतर पार झोपी जायचा, आणि माझी बोटं आखडायची.

"त्याची तरी काय चूक?" तो शिडीवरून म्हणाला. "इतकं स्थिर बसणारं माणूस त्याने पाहिलंच नसेल. मीही नाही."

हीटर बंद होता, तरी माझे कान गरम झाले.

त्याने सेन्सर माझ्या टेबलाकडे वळवला, हीटर बंद व्हायची वेळ वाढवून दिली आणि गेला. खोली छान उबदार झाली. विषय तिथेच संपायला हवा होता. पण दुसऱ्या दिवशी मी शाल गुंडाळली आणि खाली त्याला फोन लावला, "अहो, पुन्हा गार पडलंय."

मग रोजचंच झालं. तो यायचा, काहीतरी खुडबुड करायचा आणि आमच्या गप्पा रंगायच्या. बाइंडिंगच्या खोलीतल्या मावशी डोकावून म्हणायच्या, "एवढ्या उबेत शाल? लक्षण काही ठीक दिसत नाही बाई!"

एका दुपारी तो शिडी न लावताच उभा राहिला. "इथलं काम संपलं. उद्यापासून दुसऱ्या गावाला."

मी शाल घट्ट ओढून घेतली. "पण... माझी खोली गार पडते ना!"

"खालच्या पॅनलवर खोलीत माणूस असलं की हिरवा दिवा लागतो आणि हीटर चालू राहतो. पहिल्या दिवसानंतर कामाच्या वेळेत तुमचा दिवा एकदाही विझलेला नाही."

म्हणजे याला सगळं माहीत होतं! कुठे तोंड लपवू असं झालं मला. "मग रोज शिडी घेऊन का यायचात?"

"तुम्ही रोज फोन का करायचात?"

आता गप्प बसले असते, तर तो गेलाच असता.

"तुम्ही यावंत म्हणून," मी म्हणाले. "आवडता तुम्ही मला. उद्याही यावंत असं वाटतं... परवाही."

त्याने शिडी भिंतीला टेकवली. "ते गाव काही फार लांब नाही. रविवारी शिडीशिवाय आलो, तर चालेल?"

"चालेल काय, पळेल!"

"आणि आत्ता चहा?"

कँटीनमधला चहा कधी संपला, कोण जाणे. गप्पा संपेनात. खाली पॅनलवर माझा हिरवा दिवा विझला असणार, पण तो बघणारा तर माझ्यासमोर बसून रिकाम्या कपात चमचा फिरवत होता.

परतलो तर खोली चांगलीच गारठलेली. त्याने सवयीने शिडीला हात घातला.

"राहू दे रे," मी त्याचा हात धरला. "मला मुळीच गार लागत नाहीये."