भोवऱ्याची काच

दुपारचं जेवण उरकून ती वेधशाळेच्या तळघरात उतरली. आकाशाच्या जुन्या फोटोंच्या काचा पुसून ठेवायच्या, हे तिचं रोजचं काम. शेवटच्या कपाटात काळ्या कापडात गुंडाळलेली एक चौकट निघाली. वर वडिलांच्या हातची खूण होती, छोटासा भोवरा.

वडील इथलेच निरीक्षक. आपल्या आकाशगंगेच्या शेजारपाजारापलीकडची एक सर्पिल दीर्घिका त्यांनी रात्र रात्र जागून टिपली होती. लाडानं ते त्या दीर्घिकेला 'भोवरा' म्हणत. एका हिवाळी पहाटे दुर्बिणीच्या टोकावर, निरीक्षकानं बसायच्या पिंजऱ्यात, ते लोकरीच्या कोटात गारठून मेलेले सापडले. 'ढोसून झोपला असेल,' असं वरिष्ठ म्हणाले आणि ते वाक्य आईला जन्मभर चिकटलं. त्या रात्रीची काच धुऊन फोटो उमटवायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

"मामा, ही तीच ना?"

डार्करूम सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या मामांनी चौकटीला हातही लावला नाही. "तीच. पहाटे काचेवरची झडप मीच बंद केली होती."

"धुऊ या. दुर्बीण रात्रभर हातानं ताऱ्यावर धरून ठेवावी लागायची ना? झोपले असतील, तर ताऱ्यांच्या रेघा उमटतील. जागे असतील, तर ठिपके."

"आणि रेघाच निघाल्या तर?"

"तर आईला सांगणार नाही."

मामा दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. तिनं आतून कडी लावली, लाल दिवासुद्धा विझवला. डोळे उघडे काय नि मिटलेले काय, सारखंच. रसायनाचा आंबूस वास. तिनं ट्रेमध्ये काच सोडली आणि ट्रे हलकेच डोलवू लागली. चुळुक... चुळुक...

हळूहळू त्या वासात दुसरा वास मिसळला. ओल्या लोकरीचा.

तिचा हात थबकला. ट्रे मात्र डोलतच राहिला.

"मामा...?"

बर्फासारखी गार बोटं तिच्या बोटांवर टेकली. अंगावर सरसरून काटा आला, पण त्याआधी तिनं तो हात ओळखला होता.

"बाबा... झोपला होतात का हो?"

कानाशी पुटपुटल्यासारखं आलं, "हलवत राहा... थांबलीस तर डाग पडेल..."

ती हलवत राहिली. बोटं उचलली गेली, तेव्हा कुठे तिनं काच पक्की करणाऱ्या पाण्यात घातली आणि चाचपडत दिवा लावला. भोवरा लख्ख उमटला होता. एकेक तारा टाचणीच्या टोकाएवढा, गोल, निगेटिव्हवर दिसतो तसा काळा. रेघ नावालाही नाही.

"जागेच होते, मामा!" तिनं कडी काढून हाक मारली. हसावं की रडावं तिला कळेना.

मामांनी आत येऊन भिंगातून पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं. "पोरी... डॉक्टर म्हणाले होते, मध्यरात्रीच्या आधीच गेले. मग पहाटेपर्यंत दुर्बीण धरली कुणी?"

आईला तिनं अर्धंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी आई शेजारणीला मुद्दाम हाक मारून सांगत होती, "आमचे हे जागेच होते हो!"

आठवडाभरानं मामांनी तिला तळघरात बोलावलं. काच दिव्याच्या पेटीवर ठेवलेली होती. भोवऱ्याभोवती परवापर्यंत कोऱ्या असलेल्या जागी नव्या ताऱ्यांचे बारीक बारीक गोल ठिपके दाटले होते.

"पक्की केलेली काच आहे ही," मामा कुजबुजले. "हिच्यावर आता काही उमटायला नको..."

ती वाकली. तिच्या डोळ्यांदेखत, कडेला, आणखी एक ठिपका सावकाश काळा होत होता. दुर्बीण अजूनही कुणीतरी धरून होतं.