मास्कमागचा आवाज

"हनुवटी इथे टेका आणि हिरव्या ठिपक्याकडे बघा," तो म्हणाला, आणि मी ठिपक्याकडे बघायचंच विसरले.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता, चेहरा मात्र नव्हता. चष्म्याच्या दुकानामागची अरुंद, अंधारी खोली, मध्ये डोळे तपासायचं यंत्र, पलीकडे एक पांढरा कोट... आणि त्या कोटातून दर रविवारी माझ्या गुडघ्यांपाशी बसून बोलणारा आवाज.

"तुम्ही कॅचर आहात," मी म्हणाले.

"आणि तुम्ही पंचबाई," तो म्हणाला. "हनुवटी हलवू नका."

आठवडाभर मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत असते आणि सुट्टीच्या दिवशी हौशी बेसबॉल सामन्यांत अंपायर. समोरून पिचर चेंडू फेकतो, बॅटर तो टोलवायला उभा असतो, त्याच्या मागे चेंडू झेलायला कॅचर उकिडवा बसतो आणि कॅचरच्या पाठीवर जवळजवळ ओणवी होऊन मी. दोघांच्या तोंडावर जाळीचे मास्क. कॅचरनं मागे वळून अंपायरशी बोलायचं नाही, असा रिवाज आहे. वळला की लोकांना वाटतं, हुज्जत घालतोय. त्यामुळे तो समोर बघतच पुटपुटायचा. हा बॅटर बूट इतके रोवतोय, बटाटे लावणार की काय... मी हसू दाबायचे. खेळाडूंत मिसळायचं नाही म्हणून सामना संपला की तडक निघायचे. दोन हंगाम झाले, त्याचा चेहरा मी कधी धड पाहिलाच नव्हता.

आणखी एक रिवाज आहे. बॅटला निसटता लागलेला चेंडू कॅचरवर आदळला, तर अंपायरनं लगेच खेळ सुरू करायचा नाही. कमरेचा ब्रश काढायचा आणि बॅटरसमोर जमिनीत बसवलेली पांढरी प्लेट झाडत बसायचं, ती स्वच्छ असली तरी. तेवढ्यात त्याची कळ ओसरते. चेंडू अंपायरला लागला, तर कॅचर उगीचच पिचरशी बोलायला जातो, सावकाश, रमतगमत. कुणी कुणाचे आभार मानत नाही.

या हंगामात माझं काहीतरी बिनसलं. अंपायर कमी होते, मला नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून एकेका दिवशी दोन-दोन, तीन-तीन सामने. प्रेक्षकांची शेरेबाजी पूर्वी मैदानावरच राहायची. आता ती माझ्याबरोबर घरी यायला लागली. सकाळी मी बुटाची नाडी बांधून पुन्हा सोडायचे. वहिनी विचारायची, सुट्टीच्या दिवशी उन्हात उभं राहून शिव्या खायची शिक्षा नक्की कुठल्या कोर्टानं दिलीय तुला? मी म्हणायचे, मला आवडतं. ते खरं होतं, निदान पूर्वी तरी.

आणि मागच्या रविवारी माझा हात चेंडूच्या आधी वर गेला. अंपायरला शिकवतात ती पहिली गोष्ट ही, की चेंडू ग्लोव्हमध्ये शिरेपर्यंत थांबायचं, मगच बोलायचं. मी "स्ट्राइक", म्हणजे चेंडू अचूक प्लेटवरून आला, असं म्हणून मोकळी झाले आणि चेंडू प्लेटपर्यंत पोचायच्या आधीच मातीत आपटला. सगळं मैदान हसलं. म्हणून मी या दुकानात आले होते. डोळ्यांत दोष निघावा, अशी माझी फार इच्छा होती. दोषाला नंबर असतो, नंबराला काच असते.

त्यानं दिवा लावला. रुंद कपाळ, मास्कच्या पट्ट्याखाली उन्हाविना राहिलेली फिकट रेघ. "डोळे उत्तम आहेत," तो म्हणाला.

मला रडूच आलं. डोळे चांगले निघाले म्हणून रडणारं त्याचं मी पहिलंच गिऱ्हाईक असणार. त्यानं काचा पुसायचं फडकं पुढे केलं आणि दुसरीकडे बघत बसला.

"रविवारी मी पिचरकडे सारखा चालत जात होतो," तो म्हणाला. "त्याला वाटलं, मलाच ऊन लागलंय."

"का जात होतात?"

"तुम्हाला लागलं होतं म्हणून."

"मला कुठे चेंडू लागला?"

"चेंडू नाही..."

मग त्यानं सुचवलं, थोडे दिवस सामने घेणं थांबवा. ते मलाही कळत होतं. थांबले नाही, तर उरलेली आवडही जाईल. थांबले, तर रविवारचा हा आवाज जाईल. यंत्रासमोर बसून मी फडक्याची घडी घालत राहिले.

पुढच्या रविवारी मी मैदानावर अण्णांना गाठलं. सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. कोण अंपायर कुठल्या मैदानावर, हे तेच ठरवतात. मी रजा मागितली. ते विचारात पडले, मग समजुतीनं म्हणाले की बाकीचे सामने सोड, फक्त चष्मेवाल्याच्या संघाचे कर; मैदान घराजवळ आहे, माणसं सभ्य आहेत.

नेमकं तेच मला हवं होतं. हो म्हणायला एक शब्द पुरला असता.

"तेच नकोत, अण्णा," मी म्हणाले. "बरी झाले की दुसरे कुठलेही द्या."

त्रास देतो का कुणी, असं त्यांनी विचारलं.

"नाही... त्यांच्या कॅचरच्या बाबतीत मी आता निष्पक्ष नाही."

पलीकडच्या बाकावर कॅचर पायाला पॅड बांधत होता. त्याचा हात पट्ट्यावरच थांबला. अण्णांनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले की रजा मंजूर.

सामना बघायला मी प्रेक्षकांत जाऊन बसले. नव्या अंपायरच्या नावानं आरडाओरडा सुरू होता आणि त्यातलं एक अक्षरही माझ्यासाठी नव्हतं. ऊन पाठीवर येत होतं. कधी डोळा लागला, कळलं नाही.

जाग आली तेव्हा मैदान रिकामं होतं आणि तो शेजारी बसला होता, मातीनं माखलेला. कोण जिंकलं, मी विचारलं. हरलो, तो म्हणाला; आणि तुम्ही मस्त घोरत होतात, उठवायचा धीर झाला नाही. मी केस सारखे केले. तोही काही वेळ ग्लोव्हची दोरी ओढत राहिला.

"सकाळी तुम्ही अण्णांना जे म्हणालात..." तो अडखळला. "माझंही तसंच आहे. बरेच दिवस. पण अंपायरला हे सांगायचं म्हणजे लाच दिल्यासारखं झालं असतं."

"आता मी रजेवर आहे," मी म्हणाले.

आमच्या दोघांमध्ये त्याची पॅडची बॅग होती. त्यानं ती उचलून खाली ठेवली.