उद्याचं सूप

कडाक्याच्या थंडीत, भुरभुर पावसात, आइस्क्रीमच्या दुकानात कुणी धावत शिरत नाही. ती शिरली. दोन्ही हातांत फुगलेल्या पिशव्या, चष्म्यावर थेंब, आणि धाप अशी लागलेली की पहिले दोन शब्द नुसतेच हवेत विरले.

"तुमच्याकडे… जागा आहे का?"

काउंटरमागे एक तरुण स्टुलावर बसून संत्रं सोलत होता. त्यानं दुकानभर नजर फिरवली. सगळ्या खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या होत्या.

"बघावं लागेल," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "गर्दी आहे जरा."

"बसायला नाही हो! फ्रीजरमध्ये!"

"तुम्हाला?"

"डब्यांना!" ती जवळजवळ रडकुंडीला आली होती. "माझा फ्रीज बंद पडलाय. ऑफिसातून आले तर खाली तळं साचलेलं. यात आजीनं केलेलं सूप आहे, आणि आजी… आता नाही. म्हणजे हे संपलं की संपलं."

त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा एकदम उतरली. त्यानं संत्रं बाजूला ठेवलं, हात पुसले आणि डीप फ्रीजरचं झाकण उचललं. हिवाळ्यात त्याचा निम्मा फ्रीजर रिकामाच असायचा. एकेक डबा हातात घेऊन, अंगठ्यानं कडा दाबून बघत, तो आत लावत गेला. प्रत्येक डब्याला उरल्यासुरल्या लोकरीचा धागा बांधलेला होता… कुठं निळा, कुठं पिवळा.

"कडाच सुटल्यात फक्त," तो म्हणाला. "आत अजून दगड आहे. वाचलं तुमचं सूप."

शहराच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत ती काम करायची. दिवसभर नमुने, बाटल्या, नोंदी. घरी साखरसुद्धा मोजून घालणारी मुलगी. पण त्या संध्याकाळी घरी परत येताना, अर्ध्या वाटेत, तिच्या लक्षात आलं की आयुष्यात पहिल्यांदाच आपण काहीतरी न मोजता कुणाच्या तरी हवाली करून आलो. त्याहून नवल म्हणजे, त्याची काळजी वाटत नव्हती.

शनिवारी ती एक डबा न्यायला गेली.

"इथंच गरम करा ना," तो म्हणाला. "मागे शेगडी आहे. दूध तापवतो तिथं. आणि खरं सांगू? मला वास तरी घेऊ द्या. भाडं समजा."

मसुराचं सूप. गाजर, कांदा, एक तमालपत्र. दुकानात वाट्या नव्हत्या, म्हणून दोघं आइस्क्रीमच्या कागदी कपांतून, त्या चपट्या लाकडी चमच्यांनी सूप प्यायला बसले. निम्मं हनुवटीवर.

"छान आहे," तो म्हणाला. पाहुण्यांच्या मुलानं काढलेल्या चित्राला म्हणतात तसं.

"छान नाहीये." तिनं चमचा खाली ठेवला. "आजीच्या घरी हे असं लागायचं नाही. तिथं लोक भांडं पुसून खायचे. गंमत म्हणजे, मला कृती तोंडपाठ आहे. आजीला तिच्या आजीनं शिकवली, तिनं मला. आदल्या दिवशी करायचं, रात्रभर मुरू द्यायचं, जास्तीचं गोठवून ठेवायचं. 'उद्याचं सूप' म्हणायची ती. मी पूर्ण वेळ तिच्या शेजारी उभी असायचे. तसंच करून पाहिलं, तरी हे असंच होतं. सगळं बरोबर… आणि मुकं."

तो कपात बघत राहिला. मग म्हणाला, "हे दुकान माझ्या आजीनं काढलं. आइस्क्रीमचं मिश्रण ती आदल्या दिवशीच करायची. पण वासाची वस्तू त्यात कधी घालायची नाही. म्हणायची, थंडीत वास झोपतात. ते ऐन वेळी, घुसळताना." त्यानं मान वर केली. "तुमच्या आजीनं हे अर्धंच तर करून ठेवलं नसेल?"

अर्धं! इतकी वर्षं प्रयोग करून आपल्याला हे सुचू नये?

"मग उरलेलं अर्धं काय?"

"ते मला काय माहीत?" तो हसला. "प्रयोग करणाऱ्या तुम्ही. मी नुसता चमचा."

आणि मग शनिवार सुरू झाले.

एका शनिवारी एकच डबा, आणि एका डब्यात एकच बदल, असा तिचा नियम. एकदा लिंबू. एकदा मिरपूड. एकदा लोणी. तो डोळे मिटून चव घ्यायचा आणि निकाल द्यायचा.

"हे लिंबू सुपात आलेलं नाही. चुकून शेजारच्या घरात शिरलंय."

"अहो, नीट सांगा ना! आंबट कमी की जास्त?"

"नीटच सांगतोय. बिचारं दारातच अवघडून उभं आहे."

"तुम्ही एक नमुना आहात," ती म्हणायची.

"मग तपासा की. पाणी तर रोजच तपासता."

तिचे कान लाल व्हायचे. थंडीनं, असं ती स्वतःला बजावायची.

रिकाम्या दुकानात त्या दोघांसाठी दोनच खुर्च्या खाली उतरायच्या. बाहेर काचेवरून पाणी ओघळायचं, आत शेगडीवर दूध आळत असायचं. एकदा पातेल्यावर वाकल्यावर तिचा चष्मा वाफेनं भरला. ती चाचपडत फडकं शोधत होती, तेवढ्यात तो हलकेच नाकावरून उचलला गेला. ॲप्रनच्या टोकानं त्यानं काचा पुसल्या… नको इतका वेळ पुसल्या. चष्मा परत चढवताना त्याची थंड बोटं तिच्या कानामागे क्षणभर थांबली.

"दिसतंय?" त्यानं विचारलं.

"हो," ती म्हणाली. फार जवळचं दिसत होतं.

तो जरा मागे सरला. "एक विचारू? समजा, सापडलं ते उरलेलं अर्धं. मग शनिवारी काय करणार?"

या प्रश्नाचं उत्तर तिला माहीत होतं. ते गळ्याशी येऊन उभंही राहिलं होतं. पण तोंडातून बाहेर पडलं ते असं,

"नवा फ्रीज घेईन."

"हो," तो म्हणाला. "घ्यायलाच हवा." आणि तो दूध ढवळायला वळला.

त्या रात्री ती स्वतःवर इतकी चिडली की उशीलाच दोन बुक्के मारले. डबा उघडताना आजकाल तिला धास्ती वाटायची. चव नाही सापडली तर आजी कायमची गेली. आणि सापडली तर… पुन्हा त्या दारातून आत शिरायला कारण कुठलं आणायचं? दोन्हीकडून डबे संपतच होते.

थंडी ओसरली तशा खुर्च्या एकेक करून खाली उतरल्या. एका शनिवारी त्यानं फ्रीजरमध्ये हात घातला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ आत ठेवला.

"हा शेवटचा," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

तिनं व्हिनेगर घातलं. धार जास्त पडली. दोघांनी एक-एक चमचा घेतला, आणि कुणीच विनोद केला नाही.

"फुकट घालवला," ती पुटपुटली. "आजीचा शेवटचा डबा."

"अहो…" तो काहीतरी सांगणार होता. दारात दोन शाळकरी मुली येऊन हंगामातलं पहिलं आइस्क्रीम मागत होत्या.

"तुमचा सीझन सुरू झाला," ती पर्स उचलत म्हणाली. "थॅंक्यू. म्हणजे… जागेबद्दल."

"हो. सीझन," तो म्हणाला.

तिनं नवा फ्रीज घेतला. त्यात बर्फाच्या ट्रेशिवाय काहीच नव्हतं, आणि तो रात्रभर गुणगुणत असायचा. ऑफिसातून येताना ती समोरच्या फुटपाथनं चालायची. दुकानापुढे रांग लागलेली असे. माणसांच्या खांद्यांमधून त्याचा कोपर दिसे, कधी ॲप्रनची गाठ. तो मान वर करेल म्हणून ती बुटाची लेस बांधायला थांबे. तिच्या बुटांना लेस नव्हती.

अशाच एका संध्याकाळी आईचा फोन आला. आई नर्स. उभं आयुष्य पाळ्यांमध्ये गेलेलं, स्वयंपाकघराशी तिचं कधी जमलंच नाही.

"आई, आजी सुपात शेवटी काय घालायची गं?"

"मला काय विचारतेस? मी तर बेल वाजवणाऱ्यांतली. ड्युटीवरून थकून यायचे, तू दार उघडायचीस, आणि आधी तो वास यायचा. अर्धा शीण तिथंच, बूट काढता काढता जायचा."

"कसला वास?"

"आता कसं सांगू? तू तर आत होतीस. तुला जास्त ठाऊक."

तिनं फोन ठेवला. आपण आत होतो? हो. बेल वाजेपर्यंत. बेल वाजली की आजी म्हणायची, "जा गं, दार उघड." दर वेळी! ती धावत जायची, कड्या काढायची, कोट घ्यायची. आणि आलेलं माणूस उंबऱ्यातच म्हणायचं, "काय वास सुटलाय!" पण ती स्वयंपाकघरातून निघायची, तेव्हा तो वास नसायचाच.

म्हणजे जे काही होतं, ते दार उघडून बूट काढेपर्यंतच्या वेळात होणारं होतं. चिरून तयार असणारं. बंद दारापर्यंत पोचणारं. आणि मागून एक आवाज यायचा, चर्र… पाहुण्यांच्या गलक्यात बुडून जाणारा.

तिनं फोडणीच्या कढल्यात तेल तापवलं, लसणाचे काप टाकले, आणि वेड्यासारखी दाराबाहेर जाऊन जिन्यात उभी राहिली. मग आत आली. बूट काढायच्या जागी पोचली आणि तिचे डोळे भरून आले. आजी समोरून येतेय असंच वाटलं. तिनं काही शिकवायचं बाकी ठेवलं नव्हतं. फक्त ते शिकायच्या वेळी नात दाराशी असायची.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ती रांगेत उभी राहिली. नंबर आला तेव्हा तो खाली वाकून कोन काढत होता.

"कुठला फ्लेवर?" त्यानं सवयीनं विचारलं.

"लसूण."

तो सावकाश सरळ झाला. हातातल्या चमच्यातून गोळा घरंगळून काउंटरवर पडला.

"सापडलं?"

"सापडलं. गरम तेलात, अगदी ऐन वेळी. माणूस दारात आल्यावर." "फक्त त्याचा आता उपयोग नाही. आजीचं सूप संपलं. पण तुम्हाला सांगावंसं वाटलं. चमचा होतात ना."

मागून कुणीतरी ओरडलं, "अहो ताई, घेताय की बोलताय?"

"दोन्ही," तोच म्हणाला, आणि फ्रीजरकडे वळला. आइस्क्रीमचे मोठे डबे एकावर एक उतरवले, पार तळात खांद्यापर्यंत हात घातला. वर आला तेव्हा हातात एक डबा होता. त्यावर निळा लोकरीचा धागा.

ती थक्क. "तुम्ही… चोरलात?"

"ठेवून घेतला." त्याचा चेहरा त्याच्याच स्ट्रॉबेरीसारखा झाला होता. "तुम्ही मोजून दिले नव्हते. वाटलं, डबे संपले की तुम्ही येणार नाही. एक तरी राहू दे. त्या दिवशी सांगणारच होतो, पण तुमचा चेहरा बघून धीर झाला नाही. मग रोज वाटायचं, आज येतील आणि भांडतील. भांडा ना."

"भांडणार आहे," ती डबा छातीशी धरत म्हणाली. गारवा शर्टातून आत गेला. "उद्या. हे वितळायला रात्र लागेल. दुकान बंद करून माझ्या घरी या, संध्याकाळी. दार नुसतं लोटलेलं असेल, पण बेल वाजवल्याशिवाय आत यायचं नाही. कळलं?"

"एवढं तर या चमच्यालाही कळतं."

शनिवारी सूप मंद आचेवर होतं, लसूण चिरलेला, तेल तापत आलेलं. आणि तिचे कान दाराकडे. जिन्यात पावलं वाजली. थांबली. बराच वेळ काहीच नाही… बाहेर कुणीतरी केस सारखे करत असावं.

बेल वाजली.

लसूण तेलात पडला. "दार उघडंच आहे!" ती ओरडली. काप कडेनं सोनेरी झाले, आणि तिनं कढलं सुपावर उपडं केलं. चर्र!

"अरे वा," पॅसेजमधून त्याचा आवाज आला, एक बूट काढल्याचा धप्प, आणि मग, "काय वास सुटलाय!"

ती ओट्याला टेकून उभी राहिली. हातात रिकामं कढलं, आणि गालांवरून पाणी. तो एका पायात बूट घालून दारात येऊन थांबला. त्यानं तिचा चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला.

ते भांडं पुसून जेवले. अगदी शेवटचा थेंबसुद्धा उरला नाही, आणि या वेळी त्याचं तिला वाईट वाटलं नाही.

"आता मागचंच विचारतो," तो कडेला बोट फिरवत म्हणाला. "सापडलं. नवा फ्रीजही घेतलास. शनिवारी काय करणार?"

'घेतलास' त्याच्या तोंडून कधी निसटलं, त्यालाही कळलं नाही. तिला कळलं. ती उठली आणि तिनं फ्रीजरचं दार उघडलं. आत डबेच डबे. काल रात्री जागून केलेले, प्रत्येकावर लोकरीचा धागा.

"बापरे! किती आहेत?"

"मोजले नाहीत."

तो हळूच म्हणाला, "आणि बेल कोण वाजवणार?"

"तेच तर," ती म्हणाली. "माणूस शोधतेय."

तो उठला. पॅसेजमधून बाहेर गेला, एकाच बुटात. दार त्यानं मागे ओढून घेतलं.

मग बेल वाजली.

या वेळी गॅसवर काहीच नव्हतं. लहानपणी जायची तशी, धावतच, ती दार उघडायला गेली.