मनकर्णाबाईचा अंगठा

सन एकसष्टच्या मे महिन्यातली गोष्ट. श्रावण वकिलीच्या शेवटच्या वर्षाचा पेपर देऊन मोकळा झाला होता आणि अकोल्याला दुसऱ्या मुलाखतीला निघाला होता. पहिली अमरावतीलाच झाली. तिला चौदा पोरं होती, कायद्याची कलमं विचारली गेली, आणि त्यांतली दोनच उरली. एक श्रावण, दुसरा मूर्तिजापूरकडचा देवराव. खुशालराव वकिलांच्या हाताखाली जागा एकच होती.

श्रावणचे वडील मोतीराम रस्त्याच्या कामावर मजूर होते. पाच वर्षांपूर्वी त्यांनी घरात बुद्धाची तसबीर लावली, तेव्हाच ठरवलं होतं की पोरगा वकील होईल. त्यांना स्वतःला सही येत नव्हती. निघताना ते म्हणाले, "माझ्यासारखा मानूस समोर बसला, तर त्याले कागद वाचून दाखवजो. मंगच अंगठा घेजो."

"हो बा."

"आन् ही जागा सोडू नको. वस्तीतले आतापासूनच तुले वकीलसाहेब म्हणून राह्यले. आता कारकून झाला तर मले तोंड लपवा लागन."

बडनेऱ्याहून पॅसेंजर धरून श्रावण अकोल्याला उतरला तेव्हा साडेअकरा झाले होते. कोर्टाला सुट्टी होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ऊन इतकं पांढरं की डोळे किलकिले करून चालावं लागे.

वकिलांच्या वाड्याच्या पायरीवरच देवराव भेटला. तो मुलाखत संपवून बाहेर येत होता. सदऱ्याचा खिसा त्यानं मुठीत घट्ट धरला होता.

"कसं झालं गा?" श्रावणनं विचारलं.

"मी कागद देल्ला नाही," देवराव म्हणाला, आणि पाणीसुद्धा न पिता उन्हात चालू लागला. कोणता कागद, ते त्यानं सांगितलं नाही. उत्तरपत्रिका कोरी ठेवली असेल, असं श्रावणला वाटलं. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

मुन्शी नत्थुजींनी त्याला आतल्या लहान खोलीत बसवलं. दाराला वाळ्याचा पडदा होता. त्यावर नुकतंच पाणी मारलेलं, थेंब खाली परातीत पडत होते. टप... टप. टेबलावर दौत, कागद आणि शाईची गादी.

"इथं कायदा विचारत नाहीत," नत्थुजी म्हणाले. "पक्षकार येईल. हकीकत लिहून घ्या, वाचून दाखवा, खाली अंगठा घ्या. आमचे साहेब सोता अंगठा घेत नाहीत. बारा वर्षं झाली. ते काम हाताखालच्याचं."

"काहून घेत नाहीत?"

"बसा तुमी," नत्थुजी म्हणाले आणि गेले.

बराच वेळ कुणी आलं नाही. खोलीत वाळ्याचा गार वास होता. मग तो वास हळूहळू बदलला. पेरणीच्या दिवसांत रानातून येतो तसा ओल्या काळ्या मातीचा वास आला. मे महिन्यात... श्रावणनं मान वर केली. समोरच्या बाकावर एक बाई बसली होती. पडदा हललेला त्याला दिसला नव्हता. आणि आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. परातीत थेंब पडायचे थांबले होते.

"लिव बापू," बाई म्हणाली.

"नाव?"

"मनकर्णाबाई."

तिनं हकीकत सांगितली. नवरा गेला. पूर्णेकाठी अडीच एकर वावर. दीर म्हणाला, वकिलाकडे चल, वावर तुझ्या नावावर करून घेऊ. बारा वर्षांपूर्वी याच घरात, याच वकिलापुढे, तिनं कागदावर अंगठा दिला. तो कागद सोडपत्राचा निघाला. वावर दिराचं झालं.

"तुम्हाला कागद वाचून दाखवला नव्हता?"

"नाही. तेच लिव. मोठ्या अक्षरात लिव."

श्रावणनं लिहिलं. "मग तुम्ही... कुठं राहिलात?"

"वावर सोडलं नाही मी. आतापर्यंत सोडलं नाही."

त्याची नजर तिच्या पायांकडे गेली. घोट्यापर्यंत ओला काळा चिखल होता.

वडिलांचं बोलणं आठवून त्यानं कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. बाईनं प्रत्येक ओळीला मान हलवली. मग अंगठा पुढे केला. त्यावर विळ्याचा जुना तिरपा वण होता. शाईच्या गादीवर दाबून कागदावर उठवला, तेव्हा काळ्या ठशाच्या मधोमध ती पांढरी रेघ स्वच्छ उमटली.

"मागच्या पोरायनं बी लिवलं," ती म्हणाली. "कोर्टात एकही कागद गेला नाही. तू हा कोणाच्या हाती देऊ नको, बापू. कोर्टातच दे."

"देईन," श्रावण म्हणाला.

टप... टप. त्यानं परातीकडे पाहिलं आणि परत बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा आणि कोरडा होता. फरशीवर चिखलाचा एकही ठिपका नव्हता.

पलीकडच्या खोलीत खुशालराव बसले होते. थकलेला, सभ्य दिसणारा माणूस. त्यांनी कागद हातात घेतला नाही, लांबूनच ठसा पाहिला.

"वाचून दाखवलंत?"

"हो. ही बाई कोण, साहेब?"

"पक्षकार आहे. नवा माणूस घ्यायचा असला, की त्या उन्हाळ्यात येते. नव्या माणसाकडेच येते." ते पुढे म्हणाले, "तुमची जागा पक्की. सोमवारपासून या. कागद तेवढा इथं ठेवून जा."

त्यांनी टेबलाचा खण उघडला. आत तसेच पाच-सहा कागद होते. अक्षरं वेगवेगळी, पण प्रत्येकाखाली तोच काळा ठसा, मधोमध तीच रेघ.

"आणि नाही ठेवला तर?" श्रावणनं हळूच विचारलं.

"मघाचा मुलगा घेऊन गेला. मी अडवलं नाही. त्याला दुसरीकडे काम मिळेल."

श्रावणला वस्तीतली माणसं आठवली. वडिलांचं लपवलेलं तोंड डोळ्यांपुढे आलं. त्यानं कागद खणात ठेवला. पुढे कित्येक वर्षं तो म्हणायचा की हात आपोआप पुढे गेला. तसं नव्हतं. तो चांगला घटकाभर विचार करून पुढे गेला होता.

सोमवारी पहिला पक्षकार आला, बार्शीटाकळीकडचा एक म्हातारा शेतकरी. श्रावणनं त्याला अर्ज दोनदा वाचून दाखवला. मग त्याचा अंगठा धरून कागदावर टेकवला आणि उचलला. ठशाच्या मधोमध तिरपी पांढरी रेघ होती.

त्यानं म्हाताऱ्याचा अंगठा उलटा करून पाहिला. साफ होता.

नत्थुजींनी टीपकागद पुढे सरकवला. वर पाहिलंसुद्धा नाही. "वाळू द्या. साहेबांच्या हातचे बी असेच उमटत होते."

महिनाअखेरीस श्रावण घरी गेला. मोतीरामांनी रजेचा अर्ज करायचा म्हणून त्यालाच बसवलं. शेजारचे दोघं-चौघं पाहायला आले.

"बा, अंगठा बेबीताईला घेऊ दे," श्रावण बहिणीकडे पाहून म्हणाला.

"वा रे वकीलसाहेब! बापाचा अंगठा घ्याची लाज वाटते काय?" मोतीराम हसले. त्यांनी त्याचा हात ओढला आणि अंगठा पुढे केला. श्रावणनं डोळे मिटून तो कागदावर टेकवला.

"हे मधात पांढरं काय उमटलं रे?"

"शाई कमी पडली, बा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोतीराम चुलीपाशी बसून अंगठ्याला फडकं गुंडाळत होते. श्रावणनं विचारलं, कशानं कापलं?

"काय माईत. उठलो तर अशी तिरपी चीर होती," ते म्हणाले. "दुखत नाही. रगत बी नाही." मग त्यांनी नाक वर करून वास घेतला. "अन् हा ओल्या मातीचा वास कोठून येऊन राह्यला रे... एवढ्या उन्हात?"