चार बोटांची भाकरी

कुणी हसेल, हसू द्या. पण हे घडलेलं आहे.

साल १९७६, आषाढ महिना. मानवतजवळच्या कापसाच्या एका बंद जिनिंगच्या शेडात आयुर्वेदाचं खासगी मेडिकल कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं. सिताराम आणि त्याची बायको कुसुमबाई तिथल्या मेसमध्ये स्वयंपाक करायचे.

कुसुमबाईची उजवी करंगळी लहानपणी भाजून आखडलेली. तिच्या भाकरीवर चारच बोटं उठायची.

पोरं चिडवायची, "मावशी, ही करंगळी आमाला अभ्यासाला द्या की!"

"मेल्यावर सगळीच घ्या रे. आता गप जेवा."

पोरं हसली. ती मात्र भांडी घासताना नवऱ्याला म्हणाली, "पोरांना शिकायला मढं न्हाई म्हणं. मी गेले तर द्या मला."

पुढच्याच महिन्यात ती तापानं गेली.

सितारामनं शब्द पाळला. देह कॉलेजला दिला. चिता नाही. राख नाही.

दहाव्याला घरी, तिनं जीव सोडला त्या जागी, त्यानं पीठ पसरलं. दिवा ठेवला. वर टोपली झाकली. गेलेलं माणूस येऊन गेलं की पिठावर खूण उठते.

सकाळी टोपली उचलली...

पीठ जसंच्या तसं. मुंगीसुद्धा फिरली नव्हती.

त्याची थोरली बहीण धुरपताबाई रडायला लागली. "ती घरी आलीच न्हाई, सिताराम. आग न्हाई दिलीस तिला. कुठं जाईल बिचारी? जा, घेऊन ये."

कॉलेज दिनकररावांनी उभं केलेलं. सिताराम त्यांच्यापुढं उभा राहिला.

"साहेब, मला कुसुम परत पायजे."

कॉलेजात तेवढा एकच देह होता.

"परवा तपासणी हाय, सिताराम. देह नसला तर मान्यता न्हाई. पण माणूस तुमचं हाय. न्या."

सितारामचा पाय निघेना. "आज ती हाय तिथं पीठ ठेवू द्या. तिथंबी खूण न्हाई उठली, तर नेतो."

दिवेलागणीला त्यानं चिरफाडीच्या खोलीत पीठ पसरलं. दिवा, टोपली. कुलूप घालून किल्ली कनवटीला लावली.

उजाडताना तो मेसमध्ये चूल पेटवत होता.

थप... थप... थप...

भाकरी थापल्याचा आवाज.

मेसमध्ये परात कोरडीच होती.

दारात शिपाई सूर्यभान उभा. तोंड पांढरंफटक. "सितारामदादा... त्या खोलीत कोण हाय?"

कुलूप तसंच होतं. सितारामनं दार उघडलं. आवाज थांबला.

त्यानं टोपली उचलली.

पीठ गोल दाबलेलं. भाकरीएवढं.

त्यावर चार बोटं. करंगळीची जागा कोरी.

सिताराम तिथंच बसला आणि लेकरासारखा रडला. मग त्यानं ते पीठ ओंजळीनं गोळा केलं, आणि कुसुमला तिथंच राहू दिलं.

मान्यता मिळाली. शेडाच्या जागी दोन मजली इमारत झाली. तिथं शिकलेली पोरं पाथरी, वालूरला दवाखाने टाकून बसली. सिताराम अजून मेसमध्येच आहे. उजाडायच्या आत उठतो, परात पुढं ओढतो आणि आधी कान देतो.

काही ऐकू येत नाही.

एकच गोष्ट त्याला गिळता येत नाही. पिठावरची ती चार बोटं दाराकडं होती.

ती पोरांसाठी भाकरी थापत होती... का घरी न्या म्हणत होती?