भैरोबाच्या खिंडीचा खरा चढ

“आता फक्त चाळीस मीटर चढ राहिलाय, काकी. चाळीस म्हंजे चढच न्हाई, रस्ता जरा मान वर करून बघतोय म्हणायचं.”

पूर्णिमानं हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की कुणाचाही विश्वास बसावा. पण संयोगिताकाकी टपरीसमोरच्या दगडावर बसून पोटऱ्या चोळत होत्या आणि गोड आवाजानं पोटऱ्या सुटत नाहीत. थंडीचे दिवस होते. उसाच्या फडावरचं धुकं अजून उठायचं होतं, जवळच्या गुऱ्हाळातून गुळाचा वास येत होता आणि पन्हाळ्याच्या मागल्या अंगाला, भैरोबाच्या खिंडीखाली, सायकली टेकवून दहा-बारा बायका चहा पीत होत्या.

“पंचावन्न,” बाकड्यावरून आवाज आला.

पूर्णिमानं वळून बघितलं. एक उंच, सावळा तरुण बशीतून चहा पीत बसला होता. त्याची सायकल टपरीच्या खांबाला टेकलेली होती, आणि नाकाचा शेंडा थंडीनं लाल झाला होता.

“काय म्हणालासा?”

“खिंडीचा चढ. चाळीस न्हाई, पंचावन्न हाय. जास्तच असंल, कमी न्हाई.”

झालं. संयोगिताकाकी उठल्या, समोरून चाललेल्या दुधाच्या टेम्पोला हात केला, सायकल मागं चढवली आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. “पूर्णिमा, पंचावन्न माझ्यानं व्हायचं न्हाई गं,” त्या एवढं म्हणेपर्यंत टेम्पो निघूनसुद्धा गेला.

“पावणं,” पूर्णिमा कमरेवर हात ठेवून म्हणाली, “तुमाला कुणी इचारलं होतं?”

“न्हाई,” तो म्हणाला. “पण त्यांना तुम्ही चुकीचं सांगत होता की.”

आता सायकलवाल्यांची एक रीत सांगायला हवी. किलोमीटर किती झाले यापेक्षा चढ किती झाला, हे त्यांना महत्त्वाचं. दिवसभरात जिथं जिथं वर चढलात, त्या सगळ्याची बेरीज करायची. उतार धरायचा नाही. हा आकडा आधी सांगायचं काम या सायकल ग्रुपात पूर्णिमाचं होतं. तीच नकाशा बघून मार्ग आखायची, तीच चढ काढायची, आणि तीस-पस्तीस माणसं तिच्या शब्दावर रविवारी पहाटे घर सोडायची. वडील मुरगूडचे, बांधकामाचे कंत्राटदार. त्यांच्या साईटवर ती रोज उभी असायची, पण तिथला शब्द वडिलांचा. रविवार तेवढा तिचा स्वतःचा होता. तिला तो जिवापाड प्यारा होता, म्हणून तर तो ‘चुकीचं’ शब्द तिला झोंबला.

“आमचा आकडा नकाशावरनं काढलेला हाय.”

“आमचा ह्या यंत्रानं काढलाय,” त्यानं हँडलवरच्या काडेपेटीएवढ्या डबीकडं बोट केलं. “हवेचा दाब बघून उंची सांगतंय.”

“हवा बदलली की तुमचं यंत्र गंडतंय.”

“आणि डोंगराची वळणं आली की तुमचा नकाशा.”

बायका चहा विसरून ऐकत होत्या. पूर्णिमाला मागं हटणं माहीत नव्हतं. “मग पैज लावूया,” ती म्हणाली. “ही खिंड मोजायची, तुमच्या यंत्रानं न्हाई आणि माझ्या नकाशानं बी न्हाई. तुमचं खरं निघालं तर वर्षभर ग्रुपाचे मार्ग तुम्ही आखायचे. माझं खरं निघालं तर तोंड मिटून माझ्या मागनं यायचं.”

तो हसला, आणि हसताना फार बरा दिसला. “मागनं यायला पैज कशाला पाहिजे?” तो म्हणाला.

हा सयाजी. मूळचा नेसरीचा, जनावरांचा डॉक्टर, नुकताच पन्हाळ्याच्या बाजूच्या गावांत नेमणुकीला आलेला. पुढच्या रविवारी तो ग्रुपात हजर. त्याच्या पुढच्या रविवारीही. बोलायचा कमी, पण मागं राहिलेल्या बाईबरोबर हळूहळू यायचा. कुणाची चेन उतरली तर हात काळे करून घ्यायचा. आणि चढ संपला की पूर्णिमाकडं बघून बोटांनी आकडा दाखवायचा. दर वेळी तिच्यापेक्षा जास्त.

“डॉक्टर, गाईम्हशींना पण असंच वाढवून सांगता काय, किती महिन्यांची गाभण ते?” ती विचारायची.

“त्यांना नकाशा बघता येत न्हाई हो. खरं सांगावं लागतंय.”

असलं काही ऐकलं की ती पुढं निघून जायची, आणि दहा मिनिटांनी चेन बघायच्या निमित्तानं थांबायची. चेनीला काहीही झालेलं नसायचं. आपण कशासाठी थांबतो हे तिला नीट कळत होतं. ती काही दूधखुळी नव्हती. तो आवडत होता. तो आवडत होता आणि त्याला हरवायचंही होतं. दोन्ही एकदम कसं जमणार, हे मात्र कळत नव्हतं.

मोजायचा दिवस ठरला तो संक्रांतीच्या सुट्टीचा. त्यानंतरच्या रविवारी याच खिंडीवरून फक्त बायकांची मोठी फेरी होती आणि पूर्णिमानं चढ जाहीर केला होता: एकूण सातशे ऐंशी मीटर. एका शितावरून भाताची परीक्षा. खिंडीचा आकडा चुकला, तर सगळाच चुकला.

तिनं वडिलांच्या साईटवरून गवंड्यांची पाण्याची नळी आणली होती. वीस मीटर लांब, आरपार दिसणारी, आत पाणी. “पाणी काय नकाशा बघत न्हाई आणि हवा बी बघत न्हाई,” ती म्हणाली. “एक टोक तुम्ही घेऊन वर जायचं, एक माझ्याकडं खाली. दोन्ही टोकं काठीला लावून उभी धरायची. पाणी दोन्हीकडं एकाच पातळीला येतंय. तुमच्या काठीवरचा आकडा आणि माझ्या काठीवरचा, वजाबाकी केली की तेवढा चढ. मग खडूनं खूण करायची आणि मी तुमच्या जागी.”

“आणि चालताना?”

“टोकावर अंगठा दाबून धरायचा, न्हाईतर पाणी सांडतंय. आणि मोजताना अंगठा काढायचा, न्हाईतर पाणी अडतंय आणि माप कमी येतंय. गवंडी नवीन पोरांना तेच ओरडत असतात दिवसभर.”

“सोपं हाय.”

“सोपं हाय, पण एकट्याला येत न्हाई.” म्हटल्यावर तिचं तिलाच काहीतरी वाटलं आणि ती उगीच काठी पुसायला लागली.

तर असं सुरू झालं. तो वर, ती खाली, मधे नळी. “डॉक्टर, अंगठा!” “काढला!” मग दोघांनी पाण्याकडं बघत थांबायचं. पाणी वर यायचं, खाली जायचं, पुन्हा थोडं वर... आणि स्थिर व्हायचं. तेवढा वेळ काहीच करायचं नसायचं. कारवीच्या झुडपांत पाखरं बोलायची. पूर्णिमा पाण्याकडं बघायची आणि मग पाण्यावरून नजर सरळ वर जायची, तर तोही बघत असायचा.

“पाण्याकडं बघा,” ती म्हणायची.

“बघतोय की.”

अर्ध्या वाटेवर केरबाबापू भेटले, दोन म्हशी घेऊन. नळी बघून ते थबकलेच. “पाईपलाईन येनार व्हय? का रस्ता रुंद करनार? माझी आंब्याची झाडं हाईत हितं, आधीच सांगून ठेवतो.”

“न्हाई बापू, चढ मोजतोय,” सयाजी म्हणाला.

“डॉक्टर, तुम्ही व्हय!” बापूंनी डोळ्यांवर हात धरला. “चढ कशाला मोजायचा? चढला की कळतोय. आणि ह्या कोन? वहिनी काय?”

“अजून न्हाईत,” सयाजी म्हणाला.

पूर्णिमाचा अंगठा सुटला आणि थंडगार पाणी तिच्या बुटात गेलं. बापू हसत म्हशींमागं निघून गेले. पुढची दोन मापं दोघांनीही कामापुरतं बोलून घेतली. तिचे कान तापले होते, पाय गारठले होते, आणि ‘अजून’ हा शब्द काही केल्या डोक्यातून जात नव्हता.

बेरीज मात्र वाढत होती. वरचं वळण अजून लांब होतं, तोवर पस्तीस झाले. मग अडतीस. चाळीस इथंच ओलांडणार, हे शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. रविवार गेला. मार्ग गेले. तिचं तोंड उतरलं, आणि वरून सयाजी तिच्याकडं बघत राहिला.

आतापर्यंत दर माप दीड मीटरच्या आसपास येत होतं. पुढचं आलं अर्धा मीटर. त्याच्या पुढचं त्याहून कमी.

तिला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोला. मग ती सावध झाली. समोर रस्ता तर छातीवर आल्यासारखा उभा होता. तिनं तिसऱ्या मापाला पाण्याकडं निरखून बघितलं. पाणी वर आलं... आणि अर्ध्यातच गप्पकन थांबलं. खाली नाही, वर नाही. डुललंच नाही.

“डॉक्टर, अंगठा.”

“काढलाय.”

“सयाजी डॉक्टर. पाणी डुललं न्हाई.”

ती काठी टाकून तरातरा वर गेली. त्याचा अंगठा अजून नळीच्या तोंडावर होता.

“मला... हरायचं होतं,” तो म्हणाला. “तुमचं तोंड बघवंना. तुम्ही मार्ग आखायचं सोडलं तर मी कशाला यायचं रविवारी? पैज जिंकून करू काय मी?”

दुसरी एखादी असती तर पाघळली असती. पूर्णिमा भडकली. “लहानपणापासनं माझ्याशी सगळे असंच वागत आलेत. ‘थोडासाच चढ हाय पोरी, थोडंसंच राहिलंय.’ साईटवर बी तसंच. पोरगी हाय, हिला सोपं करून सांगा. आणि तुम्ही... तुम्ही पहिल्या दिवशी तोंडावर ‘पंचावन्न’ म्हणाला होता. म्हणून तर...” तिनं नळीचं टोक त्याच्या हातातून ओढून घेतलं. “म्हणून तर आवडला होता तुम्ही मला.”

खिंडीत वारा सुटला होता. सयाजीनं मान खाली घातली. “चुकलो,” तो म्हणाला. “परत मोजूया. जिथनं अंगठा ठेवला, तिथनं.”

ते खाली गेले, खडूची खूण शोधली आणि पुन्हा सुरू केलं. या वेळी तो स्वतःच प्रत्येक मापाला हात उंच करून मोकळा अंगठा दाखवत होता. भैरोबाच्या देवळापाशी पोचले तेव्हा बेरीज झाली चोपन्न. एक मीटर काय तो पूर्णिमाच्या बाजूनं.

“हरलो,” ती म्हणाली. (कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात, बाहेरच्यांना हसू येत असेल तर येऊ दे.) ती देवळाच्या पायरीवर बसली, बाकीचे चढही त्याच प्रमाणात वाढवून धरले आणि तिथंच फोन काढून ग्रुपावर लिहिलं: रविवारचा चढ सातशे ऐंशी नाही, हजाराच्या वर आहे. आकडा माझा चुकला होता. मागच्या फेरीचाही. ज्यांना यायचं नाही त्यांनी सांगावं. पाठवून तिनं फोन पालथा ठेवला. आता एकेक नाव गळणार, हे तिनं धरूनच चाललं होतं.

फोन वाजला. संयोगिताकाकी.

“पूर्णिमा, म्हंजे त्या दिवशी टेम्पोत बसेपर्यंत मी किती चढलो होतो गं?”

तिनं त्याच प्रमाणात मनात हिशेब केला. “साडेनऊशेच्या आसपास, काकी. माफ करा, मी...”

“साडेनऊशे!” काकी फोनवर ओरडल्या. “आणि मला वाटत होतं, सातशेतच माझा जीव गेला. महिनाभर सायकलला हात लावला न्हाई मी, म्हटलं आता म्हातारी झालो. साडेनऊशे चढलोय व्हय मी! रविवारी येतो बघ. आणि टेम्पोला सांग, थांबू नको.”

पूर्णिमानं फोन ठेवला आणि ती चक्क रडली. सयाजी शेजारी बसून राहिला. रुमाल त्याच्याकडं नव्हता. जनावरं तपासताना वापरायचा टॉवेल होता, तो त्यानं जरा विचार करून परत पिशवीत ठेवला.

रविवारी एकही बाई गळली नाही. काकी खिंड चढल्या. दोनदा थांबून, तिसऱ्यांदा शिव्या देऊन, पण चढल्या, आणि वर पोचल्यावर त्यांनी देवळाची घंटा इतकी बडवली की पुजारी बाहेर आला. सयाजी फेरीत नव्हता. केळ्यांचा घड घेऊन वर थांबायचं काम त्याच्याकडं होतं. फोटोंची गर्दी चालली होती तेव्हा पूर्णिमा केळं घ्यायच्या निमित्तानं त्याच्याजवळ आली.

“पुढच्या रविवारपासनं मार्ग तुमचे,” ती म्हणाली. “पैज म्हंजे पैज. मला दया नको.”

“दया न्हाई. पहिला आखून झालाय.”

“कुठला?”

“नेसरी.”

“नेसरी! एवढ्या लांब? अर्धा ग्रुप यायचा न्हाई.”

“ग्रुपाला अजून सांगितला न्हाई.” त्यानं एक केळं उगीच इकडून तिकडं ठेवलं. “आई विचारती, दर रविवारी कुठं असतोस? मी सांगितलं, एक मुलगी हाय, ती म्हणंल तिकडं असतो. तर म्हणाली, एकदा इकडं घेऊन ये... पूर्णिमा, त्या दिवशी बापूंना बोललो ते चेष्टेत न्हाई बोललो. मला तुम्ही आवडता. लय आवडता. तुम्ही यायचं म्हणाला तर आपण दोघं जाऊ. न्हाई म्हणाला तर... तर मार्ग जवळचा आखतो, ज्योतिबाचा.”

खाली दरीत ऊन उतरलं होतं. पूर्णिमाला हसायचं होतं आणि हसू ओठांवर येऊन थांबलं होतं.

“चढ किती हाय?” तिनं विचारलं.

आता थोडासाच म्हणतो की काय, म्हणून ती त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

“लय हाय,” सयाजी म्हणाला. “शेवटी शेवटी तर रडवतोय. आणि घरी पोचल्यावर आमचे आबा हाईत, ते कुणाशी लगेच गोड बोलत न्हाईत. पहिल्यांदा तुमच्याशी बी बोलायचे न्हाईत. खरं ते सांगतो.”

“मग येतो की,” ती म्हणाली आणि सायकल घेतली. “पहाटे पाचला निघायचं. तू पाणी जास्त घे.”

बायका शिट्ट्या मारत उतारावर सुटल्या होत्या, तीही त्यांच्यामागं सुटली. आपण त्याला पहिल्यांदाच ‘तू’ म्हटलं, हे तिच्या लक्षात आलं ते पार खिंड उतरल्यावर. तिनं मागं वळून बघितलं. तो केळ्यांचा घड तिथंच टाकून सायकलवर बसला होता आणि सुसाट खाली येत होता.