तळातला खण

लॅकलनला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचा हातोडा आणायला गोदीत गेलो. आईला तो घरात हवा होता. मला काहीच नको होतं. मी नुसता चालत होतो.

गोव्हनच्या जहाजबांधणीच्या गोदीत तेव्हा नवी चिलखती युद्धनौका उभी राहत होती. तिच्या दुहेरी तळात, दोन पत्र्यांच्या मधल्या खणात, माझा मोठा भाऊ लॅकलन काम करायचा. बाहेरचे लोक तापलेला रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारा जाड खिळा, ठोकायचे आणि तो आतून त्याच्या डोक्याला हातोडा टेकवून धरायचा. मेणबत्ती विझली की हवा संपली, बाहेर यायचं, असा नियम. पण लॅकलनला अंधारातही काम जमायचं. तो आतच बसून राहिला आणि गुदमरून गेला.

खणाच्या तोंडाशी रिव्हेट तापवणारा भट्टीवाला म्हातारा इन्स उभा होता.

"रॅब, लवकर ये रे. मुकादम आज खणाला झाकण घालतोय."

"मी घेऊनच येणार त्याला."

"हातोड्याला?"

मी मेणबत्ती पेटवली आणि खणात शिरलो.

आत पत्र्यांना फासलेल्या ओल्या शेंदराचा वास होता. कोपरं टेकत सरपटत गेलो. ज्योत लहान झाली... आणखी लहान... विझली. परतायला हवं होतं. परतलो नाही.

टक... टक... टक...

आतल्या माणसाने ही खूण दिल्याशिवाय बाहेर कुणी घाव घालत नाही. मी खूण दिली नव्हती. बाहेर घाव सुरू झाले.

पुढच्या पत्र्यात एक रिव्हेट लालभडक दिसत होता. त्याच्या उजेडात हातोडा होता, रिव्हेटच्या डोक्याला घट्ट टेकलेला. दांडा आडवा, हवेत. दर घावाला तो मागे सरायचा आणि पुन्हा टेकायचा. दांड्यामागे कुणी नव्हतं.

भीतीसुद्धा वाटली नाही.

"लॅकलन," मी म्हणालो, "चल ना रे घरी."

हातोडा खाली पडला. मी तो उचलला आणि वळलो. माझ्यामागे पत्र्यावर कापड घासत येत होतं.

इन्सने मला बाहेर ओढलं. मुकादम गेमेल झाकणापाशी उभाच होता.

"आत झोपला होतास की काय? घाला रे झाकण!"

"थांबा," इन्स म्हणाला. "त्याच्या मागचा येऊ दे."

"मागचा कोण?"

इन्सने खणात हात घातला. "दे, पोरा... हात दे..."

त्याचा खांदा एकदम खाली ओढला गेला. मग त्याने हात बाहेर काढला आणि कोटाला पुसत राहिला.

"सकाळी सकाळी किती ढोसलीस, म्हाताऱ्या?" गेमेलने पाना माझ्या हातात दिला. "रॅब, तू आवळ."

मी लॅकलनला न्यायलाच आलो होतो. तरी पाना घेतला. झाकण बसलं. शेवटचा नट आवळताना हाताला जाणवलं, खालून बोल्ट फिरतोय. सैल व्हायच्या बाजूला... हळूहळू... घाई न करता.

मी पान्यावर सगळं अंग टाकलं आणि आवळत राहिलो.